घरचा गोपनीय अहवाल

यवतमाळ
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. अनघा हिस मोठ्या भावाचे अनेक उत्तम आशीर्वाद. (घेऊन ठेव, या घरातून दुसरं काही फुकट मिळत नाही.)

वि. वि. तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. फोन का करत नाही म्हणून रागावतेस, पण तुला माहीत आहे. बाबा वऱ्हांड्यात पेपर धरून बसतात अन् कान माझ्या खोलीत ठेवतात. कागदाला आवाज नसतो म्हणून आपलं हे बरं.

खुशीला वाढदिवसाला आलेल्या अहवालावरून कपिलराव चिडले म्हणतेस. सात वर्षं जावई होऊन त्यांना हे प्रकरण नीट कळलेलं दिसत नाही, तर एकदा बसवून सांग. म्हणावं, आमचे बाबा सरकारी कचेरीत अधीक्षक होते, हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहायचे. रिटायर झाले त्या वर्षी हाताखाली कोणी उरलं नाही, तेव्हा आम्हाला धरलं. दर एकतीस डिसेंबरला आम्ही आपापलं स्वयंमूल्यमापन लिहायचं, म्हणजे सरत्या वर्षात काय केलं आणि येत्या वर्षात काय करणार. त्याखाली बाबा शेरा मारणार, श्रेणी देणार आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवणार. मग आई पुनर्विलोकन अधिकारी म्हणून खाली 'सहमत' लिहून सही करणार. तू लग्न होऊन सुटलीस, मी अजून सेवेत आहे. आणि सहा वर्षांच्या पोरीबद्दल 'रडण्यावर नियंत्रण नाही' एवढंच लिहिलं तर कपिलरावांनी देवाला नारळ फोडावा. माझ्याबद्दल काय लिहितात ते त्यांनी वाचलेलं नाही.

आता खरी बातमी. राज्यसेवेचं माझं वय यंदा संपलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी बसस्टँडवर जाऊन दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले आणि घरी येऊन छान झोपलो. नयनच्या दुकानात तीन वर्षं मोटार वाइंडिंग शिकलो ते काही वाया गेलेलं नाही. तो म्हणतो, जळालेली मोटार माझ्या हातून गेली की परत येत नाही. मारेगावात रस्त्यालगत एक गाळा पाहून ठेवला आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी काय, रोज जळतात.

मारेगावच का, ते तुला सांगायला नको. तुझ्याच कॉलेजच्या ऑफिसात, तुझ्याच शेजारच्या टेबलावर बसते ती. तूच ओळख करून दिलीस, आता निस्तर. सुरभीनं तिच्या वडिलांना, बापूजींना, सगळं सांगितलं. ते चक्क हो म्हणाले. मुलगी डोळ्यासमोर राहील, जावई हातानं काम करणारा आहे, बस झालं म्हणाले. फक्त रीत म्हणून बाबांना पत्र घातलं की मुलाची पत्रिका आणि थोडी माहिती लिहून पाठवा. लेखी मागणी आल्यामुळे बाबा भलतेच खुशीत आहेत. दोन दिवसांपासून झेरॉक्सच्या दुकानात खेपा चालू आहेत, पत्रिकेला एवढ्या खेपा काहून लागतात ते देव जाणे.

आईला सांगितलं तेव्हा ती तूर निवडत होती. एक खडा बाजूला काढून विचारलं, की दर रविवारी येशील ना. मी म्हटलं, येईन की. मग पुन्हा निवडत बसली.

एकोणचाळिसाव्या वर्षी मला काहीतरी हवंसं वाटतंय अनघा, आणि ते मिळेल असंही वाटतंय. हसू नकोस. खुशीला पापा. आमच्यावरची माया तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
सलील


जा. क्र. घर/विवाह/१/२०२४
यवतमाळ, दि. १२ डिसेंबर २०२४

मा. श्री. बापूजी यांस, मु. मारेगाव

विषय : चि. सलील याच्याबाबत माहिती पुरविणेबाबत.

स. न. वि. वि. आपले दि. ३ चे पत्र मिळाले. माहिती लेखी मागितल्याबद्दल आपले अभिनंदन. हल्ली लोक फोनवर लग्ने ठरवितात व नंतर कोर्टात जातात.

आपला समाज व आमचा समाज वेगळा आहे, याबाबत माझे काही म्हणणे नाही. आमच्या अहवालाच्या नमुन्यात जातीचा रकाना नाही. पत्रिका सोबत आहे, परंतु मुलगा कळण्यास तिचा उपयोग नाही. मुलाचा बाप गुण सांगतो व दोष झाकतो, असा सर्वसाधारण व्यवहार आहे. मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणाचे काही झाकले नाही व स्वतःच्या मुलाचे झाकणार नाही. सबब चि. सलीलचे सन २०११ ते २०२३ चे तेरा गोपनीय अहवाल जोडले आहेत.

आपणांस शेतीच्या कामातून सवड कमी असेल, म्हणून ठळक बाबी येथे देतो. सन २०१४ : बुद्धी मध्यम, मध्यम असल्याची जाणीव नाही. सन २०१७ : निकालानंतर नऊ दिवस अंथरुणात; घरकामात मदत शून्य. सन २०२० : साथीत शेजाऱ्यांना औषधे पोचविली, त्यामुळे कौतुक ऐकण्याची सवय लागली, तीस आळा घालावा. सन २०२२ : मोटार दुरुस्ती शिकतो. हात चांगला आहे, परंतु तीन पिढ्या लेखणी चालविलेल्या घरात ही समाधानाची बाब नव्हे. सन २०२३ : श्रेणी क; सुधारणेची अपेक्षा ठेवलेली नाही.

प्रत्येक अहवालाखाली माझी पत्नी सौ. रत्नप्रभा हिची 'सहमत' म्हणून सही आहे, ती पाहावी. हे एकट्या बापाचे मत आहे असा गैरसमज नसावा. तुलनेसाठी चि. सौ. अनघाचेही सहा अहवाल जोडले आहेत. ती सातत्याने अ+ आहे. एकाच घरात, एकाच अन्नावर दोन मुले कशी निपजतात, हे त्यावरून ध्यानात येईल.

हे सर्व पाहूनही आपण मुलगी देण्यास तयार असाल तर माझी हरकत नाही. नंतर तक्रार मात्र स्वीकारली जाणार नाही.

आपला स्नेह नोंद घेण्याजोगा राहावा, ही विनंती.

आपला,
श्रीकृष्ण


मारेगाव
१९ डिसेंबर

चि. सौ. अनघाबाईले बापूजीचे आशीर्वाद.

वि. वि. इकडं सारे खुशाल. कापसाची वेचणी चालू हाय. तुह्या बाबाचा लखोटा आला, पोस्टमननं सही घेतली. एवढा जाड लखोटा, मले वाटलं पत्रिका लांबलचक असन. वावरात गेलतो तं संगच नेला अन् बांधावर बसून सारा वाचून काढला. घरी येऊन सुरभीच्या मायले, पंचफुलेलेही वाचून दाखवला. ते म्हणे, हे पोराचं लग्न करून राह्यले का पोरावर केस करून राह्यले.

पोट्टं परीक्षेत नापास झालं, त्याचं मले काही नाही. मी सोता सातवी नापास हावो. नऊ दिवस झोपून राह्यलं, त्याचंही काही नाही, माणूस हाय. हात चांगला हाय हे तुह्या बाबानंच लिहून ठेवलं, मले तेवढंच पुरे होतं. बापाचंही मी समजू शकतो. काही बाप असतेत तसे.

पण बाई, तेरा कागद अन् तेराही कागदावर मायची सही. एका तरी कागदावर तिनं नाही काहून म्हटलं नसन? उद्या माही पोरगी त्या घरची सून होईन. तिच्या नावाचा कागद निघन, अन् त्यावरही माय सही करन. मले हे गिळून नाही राह्यलं. दोन दिवस झाले, भाकर गोड लागत नाही.

म्हून माहं एकच म्हणणं हाय. तुह्या मायनं संक्रांतीच्या आत मारेगावले यावं. माह्यासमोर बसून एवढंच सांगावं का हे कागद खोटे हायेत, माह्या पोरात खोट नाही. मी दुसरं काही इचारत नाही, त्याच दिवशी सुपारी फोडतो. अन् ते आली नाही, नाहीतं आली अन् बोलली नाही, तं हा संबंध होत नाही असं समज. सुरभीले सांगलं. ते तुह्या भावासाठी दोन स्थळं मोडून बसली हाय, तरी मान खाली घालून हो म्हणे.

तू लेकीसारखी म्हून तुलेच लिहिलं. म्हाताऱ्यावर रोष नको धरू बाई.

बापूजी


वणी
२२ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईस अनघाचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. हे पत्र इंदुताईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. त्या पीठ मागायच्या निमित्तानं येऊन तुझ्या हातात देतील. वाच आणि चुलीत घाल, गॅस असला तरी कुठं तरी घाल.

बाबांनी सलीलची सगळी फाइल बापूजींना पाठवली. सगळी. तुला माहीत होतं का? माहीत असेल तर मला सांगू नकोस, कारण मग मला तुझ्याशी बोलता यायचं नाही. सलीलला हे कळलं तेव्हा तो मला नयनच्या दुकानातून फोनवर एवढंच म्हणाला, की २०१७ चा कागदही पाठवला का. मग हसला. मला त्या हसण्याची भीती वाटली.

मी तुला दोष देणार नाही, माझेच हात स्वच्छ नाहीत. दरवर्षी मी अ+ घ्यायचे आणि सलीलच्या ताटाकडे बघायचे नाही. त्याच्या अहवालाचं वाचन सुरू झालं की मी पोळी आणायला उठायचे. सहा वर्षं मी बरोबर त्याच वेळी पोळी आणायला उठले आई. पण माझी कोणी सही मागत नव्हतं.

आता नीट ऐक. बापूजींचं बापाबद्दल काही म्हणणं नाही. तुझ्या सहीबद्दल आहे. संक्रांतीच्या आत तू मारेगावला जाऊन त्यांच्यासमोर एक वाक्य बोलायचं आहे, की हे कागद खोटे आहेत, माझ्या मुलात खोट नाही. एवढंच. बोललीस की त्याच दिवशी सुपारी. नाही बोललीस तर सगळं मोडलं, आणि सलीलला दुसरी सुरभी या वयात मिळणार नाही, मिळाली तरी तो आता कोणाकडे बघायचा नाही.

बाबांना सांग की नेरला मामाकडे जाते. सकाळची वणीची गाडी घे आणि मारेगावला उतर, स्टँडवर सुरभी येईल. इतक्या वर्षांत तुला कधी काही मागितलं नाही असं म्हणणार नाही, पुष्कळ मागितलं, पण हे देऊन टाक. गुडघ्याला तेल लाव. तुझा हात डोक्यावर आहे असं धरून चालले आहे.

तुझी,
अनघा


यवतमाळ
२ जानेवारी २०२५

चि. सौ. अनघास, अ. उ. आ.

वि. वि. नवीन वर्षाचा पहिला अहवाल तुला. एकतीस तारखेचं वाचन पार पडलं. माझ्याबद्दलचा शेरा पाठ झाला आहे : 'वयोमर्यादा ओलांडली. त्याव्यतिरिक्त वर्षभरात काहीही ओलांडले नाही.' हे मान्य कर, की बाबांना भाषा आहे. श्रेणी क, दरवर्षीप्रमाणे. येत्या वर्षाचं उद्दिष्ट म्हणून मी लिहिलं होतं की मारेगावात दुकान टाकीन, सुरभीशी लग्न करीन आणि दर रविवारी आईला भेटायला येईन. त्यावर लाल शाईनं लिहिलंय, 'हे उद्दिष्ट नव्हे, पलायन आहे.'

आईचाही झाला. तिला ब. स्वयंपाकातलं मीठ अनियमित आहे, आणि नेरहून आणलेलं 'मले-तुले' चाळीस वर्षांत सुटलेलं नाही. तिचं पुढच्या वर्षाचं उद्दिष्टही बाबांनीच ठरवलं, की गुडघ्याच्या तक्रारी कमी कराव्यात. गुडघे नव्हे, तक्रारी. मजा म्हणजे तिच्या अहवालावर पुनर्विलोकन अधिकारी तीच. तिनं स्वतःच्या खालीही सहमत लिहिलं, माझ्याही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं, कारण दुपारीच तिनं स्वयंपाकघरात मला सांगितलं होतं की ती मारेगावला जाणार. स्वतःहून सांगितलं अनघा. मी विचारलंही नव्हतं.

येत्या गुरुवारी, नऊ तारखेला जाते. बाबांना नेर सांगितलंय. ते म्हणाले की परत आल्यावर प्रवासाचं प्रयोजन लेखी द्यावं, तर ती बरं म्हणाली. तिला काय बोलायचं ते लक्षात राहणार नाही म्हणून कागदावर लिहून मागितलं. मी लिहून दिलं. कणीक मळताना शाळेतल्या पोरीसारखी पाठ करते आहे. काल तिची ती मोरपंखी साडी मी इस्त्री करून आणली. तू ये म्हणालीस तर मी तुझ्याकडे लग्नाआधीच मुक्कामाला येऊन पडेन, एवढा माझा जीव थाऱ्यावर नाही.

गाळ्याच्या मालकाला संक्रांतीनंतर येतो म्हणून कळवलं. काल दुपारी जाऊन शटरवर खडूनं 'मोटार वाइंडिंग' लिहूनही आलो. पोरकटपणा आहे, पण लिहिल्यावर दोन पावलं मागं होऊन बघत उभा राहिलो.

कपिलरावांना नमस्कार. या गरीब भावाचा आता जरा गर्व करायला शिक.

तुझा,
सलील


यवतमाळ
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. अनघास आशीर्वाद.

वि. वि. तुला सुरभीकडून कळलंच असेल. बापूजी नाही म्हणाले. सुरभीनं फोनवर सांगितलं की ती त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, आणि मी पुन्हा फोन करू नये. मी बरं म्हटलं.

तू बापूजींशी भांडायला जाऊ नकोस. त्यांनी शब्द फिरवला असं तुला वाटेल, मलाही पहिल्या दिवशी वाटलं. मग विचार केला. माझी आई साठीच्या पुढची, गुडघे धरून एवढा प्रवास करून गेली, समोर बसून सांगितलं की पोरात खोट नाही. तरी त्यांना पटलं नाही. म्हणजे त्या कागदांत काहीतरी तथ्य असणारच. तेरा वर्षं एक माणूस सारखं तेच लिहितो, तो काय सगळाच चुकेल?

आईकडे बघवत नाही. आल्यापासून जेवली नाही धड. मी तिचे पाय चेपून दिले तर हात धरून रडत होती. माझ्यासाठी जन्मात कोणी एवढं केलं नाही. तिला तू दोन ओळी लिही.

गाळा सोडला. लोभ ठेव, कारण असो नसो.

सलील


यवतमाळ
१७ जानेवारी

चि. सौ. अनघास आईचे आशीर्वाद. घ्यावे वाटले तं घे.

तुह्यं पत्र इंदुताईनं आणून दिलं. सुरभीनं तुले सांगितलं ते खरं आहे. तिनं काही वाढवून सांगितलं नाही. पोरगी चांगली आहे. तुह्या बाबानं मले कितीदा बजावलं तरी लिहिताना मले मलेच येते, तू वाचून घे.

मारेगावले त्या लोकांनी मोठा मान दिला. पंचफुलाबाईनं गुडघ्याखाली उशी आणून ठेवली. माह्या घरात मले कोणी उशी आणून दिली नाही कधी. बापूजी सामने बसले अन् हळू आवाजात म्हणाले का बाई, तुम्ही फक्त सांगा, मी ऐकतो. मले वाक्य पाठ होतं. गाडीत पाऊणशे वेळा म्हटलं असन.

पण स्टँडवरून येताना सुरभी मले त्या गाळ्यावरून घेऊन आली. शटरवर सलीलचं अक्षर होतं. तवापर्यंत मले वाटत होतं का हे आपलं पोराचं बोलणं आहे, होईन नाहीतं नाही होईन. ते अक्षर पाहून समजलं का हा खरंच चालला. अन् तू तं गेलीच. मंग एकतीस डिसेंबरले त्या टेबलावर मी अन् ते, दोघंच. आता ते दोन माणसाले वाटून लिहितेत. सलील गेला तं सारी शाई माह्या एकटीवर. तुले वाटते मी सही करताना वाचत नव्हती. मी सारं वाचत होती. त्याच्यावर लिहून लिहून ते दमत, अन् माह्यापर्यंत येत तं ब देऊन मोकळे होत. मी दर वर्षी हेच पाहत होती का त्याच्या कागदावर किती भरलं.

मी बापूजीले म्हटलं, "कागद खरे आहेत. मी वाचून सही केली."

त्यायनं तीनदा विचारलं. पंचफुलाबाईनंही विचारलं. तिसऱ्या वेळी मी असंही म्हटलं का तो नऊ दिवस अंथरुणात होता तवा आम्ही डॉक्टरले दाखवलं होतं, डोक्याच्या. दाखवलं नव्हतं. सुरभी दारात उभी होती, तिनं माह्याकडं पाहिलं अन् आत निघून गेली. मंग चहा आला. मी पिली.

सलीलले काही माहीत नाही. संक्रांतीले त्यानं माह्या पाया पडून तिळगूळ घेतला अन् म्हणाला का तू गेलीस हेच मले पुष्कळ आहे. बाबानं मधातच त्याचा जादा अहवाल काढला, का स्वभावात स्थैर्य आले, अविचाराचा बेत सोडला. ब दिला. तेरा चवदा वर्षांत पयला. तो कागद घेऊन खिडकीशी बराच वेळ उभा होता, मंग मले आणून दाखवला. तब्येतीनं बरा आहे. रात्री दोन पोळ्या जास्तीच्या खाते. आता कोठल्या तरी शिकवणीच्या क्लासले जाईन म्हणते, यवतमाळातच.

तू लिहिलं का तू त्याले सांगणार. तुह्या हातात आहे. सांगितलं तं तो निघून जाईन, अन् माह्या तोंडाकडं पाहणार नाही, हे मले समजते. पण तू हेही समजून घे का मंग त्याच्यापाशी राहीन काय. बापाचं तं त्याले आधीच माहीत होतं. मायवर तरी त्याचा भरवसा आहे, तेवढ्यावर तो जेवून राह्यला. तो तोडायचा असन तं तोड. मी हात जोडत नाही, तू तोडणार नाहीस.

पुढच्या वर्षात काय करणार, हे मले आजपर्यंत कोणी विचारलं नाही. तुलेच सांगते. दारव्ह्याच्या नंदाबाई परवा आल्या होत्या, त्यायच्या नात्यात एक पोरगी आहे म्हणे, घटस्फोट झालेली, शांत. सलीलले पाहायची आहे. मी त्यायले म्हटलं, पाहू. ते लोक विचारायले आले तं मी घरी आहोच, अन् न आले तं मी गाडी धरून तिकडं जाईन. 'कागद खरे आहेत' हे वाक्य आता लिहून घ्यायची गरज नाही.

खुशीले जप. तुह्या मनात माह्यासाठी काही उरलं असन तं ते तसंच राहू दे, दाखवायची जरुरी नाही.

तुही आई,
रत्नप्रभा